खळ्यातली रेंज आणि भावजींचा दवाखाना

आणि वर तो मलाच सांगतो, काकी, तुम्ही दवाखान्याचे पैसे थकवलेत. मला. जी बाई वाण्याकडे दोन रुपये सुट्टे राहिले म्हणून स्टँडवर लागलेली गाडी सोडून परत बाजारात गेली, ती मी. मासळी टोपात पडायच्या आधी मासळीवालीच्या हातात पैसे ठेवते, ती मी. आणि पतपेढीतला तो विनीत, ज्याला मी शेंबूड पुसायचं भान नसताना शाळेत जाताना बघितलाय, तो पंख्याखाली बसून काम्प्युटरात बघतो आणि म्हणतो, यशोदा सत्यवान मयेकर या बाईच्या नावावर खासगी दवाखान्याचं कर्ज आहे, हप्ते चुकलेत, म्हणून तिला आम्ही कर्ज देऊ शकत नाही. हळू तरी म्हणावं. माझ्या पाठीमागे रांगेत मालवणची अर्धी बाजारपेठ उभी होती, आणि ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांना पुढचे सांगत होते.

चि. मंगेश भावजी यांस यशोदा वहिनीचा आशीर्वाद. (हे सगळ्यात वर लिहायचं असतं ते चौथीपर्यंत शिकवलेलं आहे मला. पण हात आधी रागाचं लिहून मोकळा झाला आणि आता दुसरा कागद फुकट घालवत नाही.) तुमची तब्येत बरी असेल. नसली तर पत्र बसून वाचा. रसिकाला आशीर्वाद. तुमचे दादा बरे आहेत, कंबर सोडून. भक्ती बरी आहे. मांजर व्याली.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. तर तुम्हाला ठाऊक आहे, आपल्या अख्ख्या वाडीत मोबाईलची रेंज मिळते ती फक्त आपल्या दारापुढच्या खळ्यात, तुळशीपासून न्हाणीच्या चुलीपर्यंत. चुलीच्या पलीकडे गेलं की तुटते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ चार माणसं फोन कानाला लावून आमच्या खळ्यात बसलेली, आणि त्यांतली तीन आपलं बोलायचं सोडून माझं ऐकतात. मी फोनवर जे बोलते ते मासळीच्या आधी बाजारात पोचतं. म्हणून हे पत्र पिंगुळीच्या भाईकडे दिलं, तो मुंबईची रातची गाडी चालवतो ना, तो. सोबत पिशवी आहे. कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुके बांगडे. बांगड्यांची गोष्ट पुढे येणार आहे, तोवर रसिकाला म्हणावं भाजू नको.

आता मुळापासून सांगते. जूनच्या वाऱ्याने आपल्या खानावळीच्या स्वयंपाकघरावरचे पत्रे उडाले. एक निलेशच्या रिक्षावर पडला, बाकीचे अजून सापडायचे आहेत. तेव्हापासून मी निळ्या ताडपत्रीखाली जेवण रांधते. पावसात ठीक होतं, पावसात येतो कोण खायला. पण नाताळात पुण्याची माणसं येणार, आगाऊ सांगून ठेवलेली, आणि त्यांना तळलेली सुरमई हवी असते, ताडपत्रीवरून टपकलेलं पाणी नको असतं. तुमचे दादा कंबर गेल्यापासून समुद्रावर जात नाहीत. नाताळ ते मे एवढ्यात जे मिळतं त्यावर आमचं वर्ष चालतं. ते हातचं गेलं तर पुढच्या पावसात भक्तीची कॉलेजची फी कुठून भरू, हे मला सांगा. तर पत्रे, ओटा आणि मासे ठेवायचा फ्रीझर यासाठी मी पतपेढीत अर्ज टाकला. जन्मात पहिल्यांदा कर्ज मागायला गेले, आणि कळलं की ते पहिलं नव्हे.

विनीत म्हणाला, काकी, सिबिल म्हणून एक असतं. देशात कोणी कुठे कर्ज काढलं, कोणी फेडलं, कोणी नाही, ते सगळं एका जागी लिहून ठेवतात आणि त्यावर माणसाला शाळेसारखे मार्क देतात. मग माझे मार्क सांगितले. चौथीत गणितातसुद्धा मला कोणी असं तोंड करून मार्क सांगितले नव्हते. मी म्हटलं, बाबा रे, माझी भक्तीसुद्धा ओरोसच्या सरकारी दवाखान्यात झाली, पाच पैसे न देता. मी खासगी दवाखान्याची पायरी चढले नाही. दुसरी कोणी असेल. त्याने काम्प्युटर माझ्याकडे फिरवला आणि तारीख वाचून दाखवली. दोन वर्षांमागचा मे महिना. आणि भावजी, मला एकदम तुमचा फणस आठवला.

तुम्ही विसरला असाल, तुम्ही आडवे होतात. मी उभी होते, म्हणून माझ्या लक्षात आहे. अर्धा बरका फणस एकट्याने खाल्लात, वर पाणी प्यायलात, आणि मग छातीत दुखतं म्हणायला लागलात. आम्ही सगळे म्हटलं, गॅस. ओव्याची फक्की दिली, सोलकढी दिली, तुमच्या दादांनी पाठीवर बुक्के मारले. (हृदयाच्या माणसाला बुक्के. डॉक्टरला हे अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.) मग तुम्हाला घाम सुटला तसा निलेशने रिक्षा काढली. मालवणातल्या डॉक्टरने बघितलं आणि म्हणाला इथे थांबू नका, वर न्या. ॲम्ब्युलन्समधून घाट चढून त्या मोठ्या इस्पितळात गेलो, काच अशी की दार कुठे आणि भिंत कुठे कळत नव्हतं, तुमचे दादा भिंतीतून आत जायला निघाले. तुम्ही आडवे पडून एकच धोशा लावलेला, कंपनीचा इन्शुरन्स आसा, कंपनीचा इन्शुरन्स आसा. तुमचे दादा जिन्यात बसून रडायला लागले. उरले कोण? मी.

तेव्हा टाय लावलेला एक माणूस आला. म्हणाला, ताई, इन्शुरन्स बराचसा देईल, उरलेल्याची काळजी करू नका, आपण ते सोपं करून टाकू. बोलायला इतका गोड की मला वाटलं कोणीतरी ओळखीचा निघणार. माझं आधार कार्ड घेतलं, पॅन कार्ड घेतलं (ते मी खानावळीसाठी काढलेलं, तेव्हा कौतुकाने प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं). मग फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, इकडे बघा, डोळे मिटा, उघडा, जरा हसा. आत माझ्या दिराच्या छातीत जाळी घालतायत आणि बाहेर मी फोनकडे बघून हसतेय. मला वाटलं, आत भेटायला सोडायचा पास करतोय. मग माझ्या फोनवर आकडे आले आणि तो म्हणाला, ओटीपी सांगा.

आता हे तुम्ही मुंबईत राहून समजणार नाही. आमच्याकडे अर्ध्या वाडीने गॅसला, रेशनला, बँकेला माझाच नंबर दिलेला आहे, कारण त्यांचे फोन त्यांच्या घरात वाजतच नाहीत. मग कोणाचेही आकडे माझ्याकडे येतात आणि मी तुळशीजवळ उभी राहून मोठ्याने सांगते. तीन-आठ-शून्य, गॅस कोणाचो आसा तो घेवा. वर काजूच्या रानापर्यंत माझा आवाज जातो. तीच सवय. तिथेही मी तसेच खणखणीत सांगितले, इस्पितळाचा मजला शांत झाला. तो म्हणाला, थँक्यू मॅडम. कर्ज हा शब्द त्याने काढला नाही. काढला असेल तर इंग्रजीत काढला असेल.

पुढे तुम्ही बरे झालात, घरी सोडलं, पैसे द्या असं कोणी म्हटलं नाही. मी समजले, कंपनीने भरले. आणि तुम्हाला विचारणार कसं? सासूबाईंनी मला लग्न झाल्या झाल्या सांगून ठेवलेलं, आजारपणाचा हिशोब घरात काढायचा नाही, काढला की आजार ऐकतो आणि परत येतो. मी त्यांचं बाकी काही ऐकलं नाही, पण हे ऐकलं. त्या दिवसापासून रोज दिवा लावताना मी तुमच्या कंपनीच्या मालकाला दीर्घायुष्य मागते. (आजपासून बंद केलं. त्याने जेवढं भरलं तेवढ्याचं पुण्य त्याला मिळून गेलंय.)

मग दर महिन्याला मेसेज यायला लागले, इंग्रजीत. ते मी बघत नाही. फोनही यायचा, एक मुलगी विचारायची, यशोदा मयेकर बोलताय का, हॉस्पिटलचा हप्ता बाकी आहे. आता आपल्या वाडीत यशोदा मयेकर दोन. एक मी आणि एक वरची यशोदा, काजूच्या रानाखाली घर आहे ती, नवरा वारल्यापासून सुकी मासळी विकते. त्याच उन्हाळ्यात तिच्या मुलाचा, गुरुप्रसादचा पाय मोडलेला आणि ऑपरेशन झालेलं. मग सांगा, कोणाच्याही डोक्यात काय येणार? मी त्या मुलीला म्हणायचे, ती बांगडे सुकवायला गेली आहे, निरोप देते. आणि निरोप द्यायचे. गो यशोदा, तुझो दवाखान्याचो हप्तो ऱ्हवलो आसा. वरची यशोदा कधी वर तोंड करून बोलत नाही. तिला वाटलं, गुरुप्रसादच्या पायाचं काहीतरी उरलं असेल, दवाखान्यांचं काय उरतं ते आपल्याला थोडंच कळतं. ती पदराची गाठ सोडून पैसे मोजून द्यायची, भक्ती फोनवरून भरायची, आणि मी मनात म्हणायचे, मी आहे म्हणून या वाडीचं चाललंय.

असे बरेच महिने गेले. मग यंदाचा पाऊस लागला, सुकी मासळी संपली, आणि ती म्हणाली, ह्या महिन्याक नाय जमाचा. तेव्हा मी तिला बावीवर पाणी भरताना गाठलं. सगळ्या बायकांसमोर. म्हटलं, घेताना गोड लागतं, फेडताना आठवत नाही, अशाने नाव खराब होतं, उद्या दारात कोणी उभं करणार नाही. बरंच बोलले. मला चांगलं बोलता येतं ते तुम्ही जाणता. ती घागर उचलून गेली. त्यानंतर आठवड्याभरात टॉवरवर वीज पडली, दोन महिने खळ्यातली रेंजही गेली, हप्तेवालीचे फोन बंद झाले, रेंज आल्यावर अनोळखी नंबर मी उचलेनाशी झाले आणि विसरले.

हे सगळं विनीतच्या टेबलासमोर एका दमात माझ्या डोक्यात उतरलं आणि मी बाकावर बसले. खरं सांगते, पोरगा चांगला आहे. रांग थांबवली, चहा मागवला, त्यात साखर दोनदा घातली. मग कर्ज देणाऱ्या कंपनीला स्वतः फोन लावला आणि माझ्यासाठी तासभर भांडला. व्याज आणि दंड माफ करून घेतला. मधे मधे मी बाजूने भांडत होते, तेव्हा त्याने मला हाताने गप्प बसवलं. मला हाताने गप्प बसवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. त्याच्या आईला सांगणार आहे, तुझ्या मुलाचं नशीब काढेल अशी सून बघ.

घरी येऊन रसिकाला फोन केला. काही सांगितलं नाही, नुसती चाचपणी, खळ्यात माणसं होती. तर ती आपणहून म्हणते, वैनी, तेव्हा उरलेले पैसे तुम्ही भरलात ते हे एक दिवस विसरले नाहीत, मला म्हणतात, वैनीला पैशाचं विचारलं तर अपमान होईल, त्यापेक्षा वस्तू पाठवू. भावजी, म्हणून तो मिक्सर? म्हणून तो उभा पंखा, त्या दोन साड्या, आणि लग्नघरात पुरेल असा तो कुकर? आणि मी वाडीभर सांगत फिरले की हृदयाच्या आजाराने माझ्या दिराचा स्वभाव सुधारला. तुम्ही माझे उपकार मानताय, मी कंपनीचे मानतेय, आणि पैसे बिचारी तिसरीच भरतेय.

मग वर गेले. आयुष्यात एवढा चढ मला कधी लागला नव्हता. वरची यशोदा पडवीत बसून सुंगटं निवडत होती. मी सांगितलं सगळं, फणसापासून. ती निवडत राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली, "मगे पावसात कोण भरी होता? माका वाटला, तूच माझे भरतंस."

भावजी, फोन बंद झाले ते रेंज गेली म्हणून. हिला वाटलं, बावीवर ओरडले ते लोकांना दाखवायला आणि मागून गुपचूप मीच हप्ते भरतेय. म्हणून दर बाजाराच्या दिवशी माझ्या दारात सुक्या बांगड्यांची पुडी. पावसात बांगडा कमी, तरी तिने स्वतःच्या घरातले काढून ठेवले. मी समजत होते, ते ओटीपी सांगते त्याचे. म्हणजे तीन घरं एकमेकांचे उपकार मानत बसली होती आणि पावसाचे हप्ते एकानेही भरले नव्हते. आधी ती हसली. मग मी. निवडलेली कोळंबी मांजराने नेली तरी आम्ही हसत होतो.

फ्रीझरसाठी साठवलेले होते त्यातून तिचे पैसे नेले होते, ते पुढे ठेवले. वर थोडे जास्त ठेवले, बावीवरच्या बोलण्याचे म्हणून. तिने मोजले, आपले तेवढे घेतले आणि बाकीचे माझ्याकडे सरकवले. "बावीर बोललंस त्याचे पैसे मी घेवचंय नाय. त्याचा काय ता बावीरच सांग."

सांगितलं. दुसऱ्या दिवशी, बावीवर, सगळ्यांसमोर, मी चुकले म्हणून. त्या दिवशी ज्यांच्या घरी नळ आहे त्याही बायका घागर घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, नीट ऐका, परत सांगणार नाही. तर मागची एक म्हणते, वायच मोठ्यान, ओटीपी सांगतंस तसा.

उरलेलं देणं मी कर्जवाल्या कंपनीला भरून टाकलं. काही बाकी नाही असा कागदही आला. पण माझं नाव सिबिलात धुवून निघायला महिना-दीड महिना लागेल, आणि नाताळ थांबत नाही. विनीत म्हणाला, कागद दाखवून आणि दोन चांगले जामीन आणून द्या, मी साहेबांना गळ घालतो. चांगले म्हणजे ज्यांचे मार्क चांगले. मी चार घरी विचारलं, विनीतने तपासलं, कोणाची मोटारसायकल थकलेली, कोणाचा टीव्ही. एकीचंच नाव स्वच्छ निघालं. वरची यशोदा. मी बोलवायच्या आधी आली, बचत गटाच्या मीटिंगची साडी नेसून आली, आणि माझ्या जामिनाच्या कागदावर सावकाश सही केली. सही करून विनीतला म्हणाली, "ही हप्तो चुकवची नाय. हप्तो चुकलो की काय होता, ता हिना माका बरा समजावल्यान." अख्खी पतपेढी हसली, मीही. हसण्याशिवाय हातात होतं काय.

तर मी आता रागावलेले नाही. लिहायला बसले तेव्हा होते. लिहिता लिहिता हिशोब करून बघितला. दवाखाना माझ्या नावावर लागला, नाव खराब झालं, बाजारात शोभा झाली, बावीवर चूक कबूल करावी लागली. आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही पुढच्या मे महिन्यात स्वतःच्या पायांनी खळ्यात चालत आलात आणि वैनी फणस आहे काय विचारलंत. (दिला नाही. दिला असता तर हेच पत्र दोनदा लिहावं लागलं असतं.) एवढ्यात दीर परत मिळतो तर महाग नाही. त्या टायवाल्याने मला आधी विचारलं असतं, तुमच्या नावावर कर्ज घालू काय, तरी मी हसूनच बघितलं असतं फोनकडे. पण विचारायला हवं होतं. तेवढंच.

पैसे पाठवू नका. मिक्सर भरून पावला. वरच्या यशोदाला मात्र एक साडी पाठवा, चांगली, मला पाठवलीत त्यापेक्षा बरी. बांगडे आता भाजा, ते तिचेच आहेत.

तुमची वहिनी,
यशोदा

ता. क. पैसे पाठवू नका असं वर लिहिलं ते मनापासून होतं, पण तुमच्या दादांनी वाचलं आणि फ्रीझर कुठून येणार म्हणून विचारलं. निम्मे पाठवा.

ता. क. २. वर दोन जामीन लिहिलं आणि एकच सांगितला, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दुसरे तुम्ही. विनीतने सांगितलं, नोकरीवाला असला तर उत्तम. आधार, पॅन आणि पगाराचे कागद घेऊन स्वतः यायचं. सोमवारी सकाळी पतपेढी उघडायच्या वेळेला मी दारात असेन.

ता. क. ३. दवाखान्याच्या कर्जाचे सगळे कागद विनीतने वाचून काढले. त्यात लिहिलंय की त्या पैशात पुढच्या तपासण्याही धरलेल्या आहेत, आणि तुम्ही एकदाही गेलेले नाही. रसिका तर मला म्हणाली, हे वेळच्या वेळी तपासून येतात. कुठे जाता हो? मी तिला अजून काही बोललेले नाही. या महिन्याअखेर ती मुदत संपते. पैसे माझ्या नावावरचे, फुकट घालवणार नाही. मी इस्पितळात फोन करून मंगळवारचा नंबर लावलाय. ओटीपी आला, मोठ्याने सांगितला, वाडीला ठाऊक झालंय की तुम्ही येताय. वरच्या यशोदाने तुमच्यासाठी गुरुप्रसादची कुबडी काढून ठेवली आहे. तिला सांगितलं छातीचं आहे, तरी ठेवली आहे.

ता. क. ४. जामिनाची सही मुंबईहून स्टॅम्पपेपरवर करून पोष्टाने पाठवली तरी चालते, असं विनीत आत्ता भाईच्या गाडीपाशी येऊन सांगून गेला. मी त्याला म्हटलं, हे परत कोणाजवळ बोलू नको. सही पोष्टाने येते, छाती येत नाही. भाई शनिवारी मुंबईहून सुटतो, तुमचं उत्तर त्याच्या हातात शनिवारी दुपारपर्यंत पडलं पाहिजे. फोन करू नका, खळ्यात माणसं आहेत. उत्तर नाही आलं तर भाईला सांगून ठेवलंय, उत्तर घ्यायच्या जागी तुम्हालाच घेऊन ये.